मफलरवाल्याची बहीण

सत्तेचाळिसाव्या पानावर भाऊंनी तांबडी पेन्सिल इतक्या जोरात टेकवली की टोक मोडलं आणि घरंगळत चहाच्या बशीत जाऊन पडलं. त्यांनी ते बोटाने उचललं, दुसरी पेन्सिल घेतली आणि सकाळपासून अकरा वेळा समासात लिहिलेलं तेच बाराव्यांदा लिहिलं, 'साफ चूक.'

पुस्तक दोनच दिवसांपूर्वी विकत आणलेलं. अजून नव्या कागदाचा वास जायचा होता. दुसरा कुणी रेघ ओढायला कचरला असता, पण भाऊंनी अडतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधकाची नोकरी केली होती. छापून आलं म्हणजे खरं, असं मानण्याचा भाबडेपणा त्यांच्याकडे नव्हता. कचेरीत त्यांच्याबद्दल म्हणत, की भाऊंच्या हातात लग्नपत्रिका दिली तर ते आधी तिच्यातल्या चुका काढतील, मग तारीख बघतील. मात्र इतक्या वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या मजकुरात स्वतःचा एक शब्दही कधी घातला नव्हता. आपलं काम फक्त काढायचं, घालायचं नाही, असं ते अभिमानाने सांगत.

पुस्तक होतं मफलरवाल्याच्या बहिणीवर. मफलरवाला म्हणजे भाऊंच्या पिढीचा गुप्तहेर. ऐन उन्हाळ्यातसुद्धा गळ्यात करडा मफलर, खिशात घडीचा चाकू आणि बोलणं मोजून मापून. त्याची बावीस पुस्तकं निघाली, मग लिहिणारा गेला आणि मफलरवालाही थांबला. आता इतक्या वर्षांनी एका तरुण लेखिकेने त्याच्या बहिणीला नायिका करून नवी रहस्यकथा लिहिली होती. मागच्या कव्हरावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'मूळ बावीस पुस्तकांत जिचा ओझरताही उल्लेख नाही, ती मफलरवाल्याची धाकटी बहीण प्रथमच वाचकांसमोर!'

"ओझरताही नाही म्हणे!" भाऊ रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले. "अगं बाई, तू पुस्तकं वाचलीस की नुसती कव्हरं पुसलीस?"

कारण मफलरवाल्याची बहीण भाऊंना चांगली ठाऊक होती. ती धाकटी नव्हे, थोरली. डाव्या पायाने अधू. दिवसभर खिडकीशी बसून विणकाम करायची, रस्त्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखायची. मफलरवाला गावभर हिंडून, धक्के खाऊन, शेवटच्या प्रकरणात घरी यायचा. पायातले बूट काढता काढता तिला सगळं सांगायचा, आणि ती टाके मोजता मोजता दोन वाक्यांत खुनी कोण ते सांगून मोकळी व्हायची. तो करडा मफलरसुद्धा तिनेच विणलेला. आणि ही नवी बया मोटार हाकत होती, पोहत होती, केसातल्या पिनेने कुलपं उघडत होती.

फोन वाजला. भाची होती, अक्काची मुलगी.

"मामा, रविवारी येतोयस ना? नक्की?"

"येतो म्हटलं ना. कशी आहे?"

"तशीच. खुर्चीत बसून असते. जेव म्हटलं की जेवते, झोप म्हटलं की झोपते. काल फोनवर एक ऐकायचं पुस्तक लावून दिलं, तर म्हणाली, हा माणूस बातम्या दिल्यासारखा खून सांगतो, बंद कर." भाची हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. "डोळे गेले त्याचं दुःख समजतं रे. पण वाचन गेल्यापासून ती माणसातूनच उठल्यासारखी झालीय. मी वाचून दाखवते तर पाचव्या मिनिटाला तोंड फिरवते. तू तरी बघ."

"एक नवं पुस्तक आणतो. मफलरवाल्याच्या बहिणीचं."

"मग तर ऐकेलच."

"पुस्तक टाकाऊ आहे," भाऊ म्हणाले. "पण आणतो."

फोन ठेवून त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहायला घेतलं. चार पानं भरली. अक्काला पुस्तक वाचून दाखवायचं आणि मग हे पत्र वाचून दाखवायचं, असा त्यांचा बेत होता. ती नक्की हसेल. बारा चुका क्रमाने मांडून झाल्या, आणि मग त्यांचं घोडं अडलं. पुरावा द्यायचा तर मूळ पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक द्यायला हवा. तो त्यांच्याकडे नव्हता. मफलरवाल्याचं एकही पुस्तक त्यांच्या घरात नव्हतं, आणि साठ वर्षांत त्यांनी एकही पुन्हा हातात घेतलं नव्हतं. दिवसभर पोटासाठी वाचणारा माणूस संध्याकाळी पुन्हा पुस्तक उघडत नाही. शिवाय त्यांना ती सगळी तोंडपाठ होती.

पाठ होती, पण वाचून नव्हे, ऐकून.

वडिलांचं बाइंडिंगचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि दोन्हींत खळीचा वास. वाचनालयाची फाटकी पुस्तकं दुरुस्तीला यायची. वडील ती उसवून, फर्मे सुटे करून, फाटलेल्या कडांना पातळ कागद लावून ठेवायचे. सोळा सोळा पानांचे ते फर्मे पुन्हा शिवणीला जाण्याआधीची एक दुपार पुस्तक घरच्यांचं असे. आई आणि भाऊ वह्यांच्या कागदांना हाडाच्या पट्टीने घड्या घालत बसत, वडील दाबयंत्राशी, आणि अक्का उंच स्टुलावर, खिडकीकडे पाठ करून, एकेक फर्मा हातात घेऊन मोठ्याने वाचत असे. भाऊ तेव्हा आठ वर्षांचे, अक्का सोळाची. तिची शाळा सातवीतच सुटली होती. दुकानात हात कमी पडतात म्हणून एकाला घरी बसवायचं ठरलं, तेव्हा कुणाला बसवायचं याची चर्चासुद्धा झाली नव्हती. वाचायची मुभा तेवढी तिने भांडून मिळवली. घड्या दोघं घालतील, मी वाचीन, म्हणाली, आणि वडिलांनी मान डोलावली.

काय वाचायची! म्हातारा नोकर बोलायला लागला की तिचा आवाज खरखरीत व्हायचा, खोटारडा माणूस बोलायला लागला की गोड. शेवटचा फर्मा आला की वडीलसुद्धा दाबयंत्राचं चाक सोडून, हात पुसत उभे राहायचे. भाऊ मध्येच विचारायचे, "अक्का, बहीण केव्हा येणार?" बहुतेक वेळा ती यायची. एखाद्या पुस्तकात नाही आली तर अक्का म्हणायची, "गावाला गेली असेल. तिला काय दुसरी कामं नाहीत?"

कचेरीत एकदा एक उपसंपादक छातीठोकपणे म्हणाला होता, की मफलरवाल्याला बहीणबिहीण काही नव्हती. भाऊ त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

शनिवारी दुपारी ते वाचनालयात गेले. टेबलाशी बसलेल्या ग्रंथपाल बाई जुन्या तारखांचे शिक्के एका डब्यात भरत होत्या.

"मफलरवाल्याची पुस्तकं हवी होती."

"कुठलं?"

"सगळी."

"एका वेळी दोनच मिळतात, काका."

"मग इथेच बसून बघतो. मला फक्त शेवटची प्रकरणं हवीत."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. रहस्यकथेची फक्त शेवटची प्रकरणं मागणारा माणूस त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा. पण त्यांनी पुस्तकं आणून दिली. नव्या छपाईची, चकचकीत कव्हरांची सात पुस्तकं.

भाऊंनी पहिल्याचं शेवटचं प्रकरण वाचलं. मफलरवाल्याने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं, लांबलचक भाषण केलं आणि खुन्याच्या हातात बेड्या पडल्या. बहीण नाही. दुसऱ्यात गोळीबार झाला. बहीण नाही. तिसऱ्यात तो एकटाच आगगाडीत बसून निघून गेला. चौथं त्यांना चांगलंच आठवत होतं. शेवटी मफलरवाला स्वतःच्या घराचा जिना चढून येतो, दार ढकलतो, आणि दारापलीकडे बहीण सुया खाली ठेवून म्हणते, "इतका वेळ लागला तुला?" भाऊंनी ते पान काढलं. मफलरवाल्याने दार ढकललं. दारापलीकडे फौजदार होता, आणि दोन शिपाई.

भाऊंनी चष्मा पुसला. मग त्यांना कारण सुचलं, आणि जरा हायसं वाटलं. नवी आवृत्ती! कागद वाचवायला काटछाट केली असणार. असले उद्योग त्यांनी उभ्या जन्मात काय कमी पाहिले होते?

"बाई, जुन्या प्रती नाहीत का? अगदी जुन्या?"

"मागच्या कपाटात असतील दोन-तीन. पण त्यांची अवस्था काही खरी नाही."

बाई बऱ्याच वेळाने एकच पुस्तक घेऊन आल्या आणि फडक्याने झटकून त्यांच्यापुढे ठेवलं. तपकिरी कापडी पुठ्ठा, काळी पाठ. भाऊंनी ते उघडलं नाही. आधी उलटं केलं, मागचा पुठ्ठा वर उचलला आणि खालच्या कोपऱ्यात पाहिलं. नखाएवढा निळ्या कागदाचा त्रिकोण तिथे चिकटवलेला होता. वडील प्रत्येक पुस्तकात तो लावायचे, सही करावी तसा. रंग उडाला होता, पण एकही कड उचकटली नव्हती.

ते चौथंच पुस्तक होतं. भाऊ थेट शेवटाकडे गेले. दोनशे आठव्या पानावर सगळ्यात खाली ओळ होती, 'मफलरवाला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबला. मग त्याने दारावर हात ठेवला आणि'.

त्यांनी पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. त्याच्या पुढचंही. सवयीने त्यांनी मोजली. सोळा पानं, एक अख्खा फर्मा, जाडसर पिवळट कागदाचा, व्यवस्थित शिवलेला, आणि त्यावर पेन्सिलीची एक रेघसुद्धा नाही.

"ती बाइंडरने घातलीत," बाई वाकून पाहत म्हणाल्या. "शेवटची पानं हरवली की पूर्वी अशी कोरी घालायचे. दुसरी प्रत मिळाली की कुणीतरी हाताने उतरवून काढेल म्हणून. कुणी काढलंच नाही."

फाटक्या पुस्तकांची शेवटची पानंच सगळ्यांत आधी जातात, हे बाइंडरच्या मुलाला कुणी सांगायला नको होतं. पण ते कधी त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या पुस्तकांत बहीण गावाला गेलेली असे, ती पुस्तकं धड होती. आणि बाकीच्यांत अक्का खिडकीकडे पाठ करून, हातात कोरा फर्मा धरून, वाचत होती. पानं उलटत होती, बरोबर वेळेवर. स्वतःच्या हाताने तो फर्मा घातलेले वडील चाक सोडून ऐकत उभे राहत होते.

आणि त्या घरी बसलेल्या बहिणीकडे सगळी अक्कल होती, आणि नाव भावाचं होत होतं. हे तर भाऊ साठ वर्षं तोंडाने सांगत आले होते. अडतीस वर्षं लोकांच्या चुका काढणाऱ्या माणसाला एवढी मोठी गोष्ट दिसू नये, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी निळ्या त्रिकोणावरून एकदा अंगठा फिरवला, पुस्तक मिटलं आणि बाईंना परत केलं.

रविवारी ते अक्काकडे पोचले तेव्हा जेवणं आटोपली होती. भाचीने दार उघडून नुसतीच डोळ्यांनी आतल्या खोलीकडे खूण केली. अक्का खुर्चीत बसली होती, खिडकीकडे पाठ करून. आता उजेड कुठून येतो याने तिला काही फरक पडत नव्हता, तरी खुर्ची तिथेच होती.

"बारक्या आला वाटतं," ती म्हणाली. एकाहत्तर वर्षांच्या भाऊंना बारक्या म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं. "डावा बूट घासतोयस अजून. हिने बोलावलं ना तुला?"

"मीच आलो. पुस्तक आणलंय."

"मला दुसऱ्याच्या तोंडचं ऐकवत नाही रे. तुला माहितीये."

"मफलरवाल्याच्या बहिणीवर आहे. नवं."

अक्काचे हात मांडीवरच्या शालीवर थांबले. "कुणी लिहिलं?"

"आहे एक मुलगी. तरुण आहे."

"तिला कुठे भेटली ती?" अक्का म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. "वाच मग. वाईट असेल तर सांगीन."

भाऊ समोरच्या खुर्चीत बसले आणि वाचू लागले. आपण किती वाईट वाचतो हे त्यांना दुसऱ्याच पानावर कळलं. मुद्रितशोधक वाचतो तसे ते वाचत होते, प्रत्येक शब्द सारख्या वजनाचा, कुठे चढ नाही, उतार नाही. अक्का निमूट ऐकत होती. बहीण मोटार घेऊन निघाली तेव्हा तिने विचारलं, "स्वतः हाकते?"

"हो."

"बरं," अक्का म्हणाली. थोड्या वेळाने बहीण नदीत उडी मारून पलीकडे गेली. तिचं तोंड हळूहळू भिंतीकडे वळत चाललं होतं. स्वयंपाकघरात भाचीच्या हातातली भांडी वाजायची थांबली होती. तीही ऐकत असावी.

भाऊंनी पान उलटलं. सत्तेचाळीस. समासात त्यांच्याच अक्षरात तांबडं लिहिलेलं होतं, 'साफ चूक'. ते त्या दोन शब्दांकडे पाहत राहिले.

"काय झालं?" अक्काने विचारलं. "संपलं?"

"नाही, नाही. ऐक." त्यांनी घसा साफ केला. "'पण त्या दिवशी मोटार सुरूच झाली नाही. धाकटी चडफडत घरात परत आली. घरात आणखी एक जण होतं. या दोघा भावंडांना एक थोरली बहीण होती, आणि हे बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.'"

अक्काची मान किंचित इकडे वळली.

"'ती... ती खिडकीशी बसलेली असे. खिडकीकडे पाठ करून. डावा पाय अधू होता. हातात सुया होत्या. करडी लोकर होती.'" वाक्यं आखूड येत होती आणि अडखळत होती. एखाद्या उमेदवाराचं हे लिखाण हातात आलं असतं तर भाऊंनी ते रेघांनी भरून टाकलं असतं. "'धाकटीने तिला सगळं सांगितलं. कुलूप तुटलं नव्हतं, दिवा मात्र विझलेला होता. थोरलीने टाके मोजले आणि म्हणाली, घरच्याच माणसाचं काम आहे.'"

"का म्हणून?" अक्काने विचारलं.

भाऊ गडबडले. "'कारण... कारण परका माणूस दिवा विझवत नाही. त्याला वाट दिसायला हवी असते. अंधारात फक्त घरचाच माणूस चालू शकतो.'"

अक्काने हुंकार भरला. तो बरा होता की वाईट, ते भाऊंना समजेना. तिच्या अंगठ्याने शालीची कड धरली होती आणि ती कड ती सरळ रेषेत दुमडत होती, दाबत होती, पुन्हा दुमडत होती. भाऊंचा आवाज हळूहळू मोकळा झाला. धाकटी चिडली तेव्हा तो चिडला, म्हातारा नोकर आला तेव्हा थोडा खरखरीत झाला. स्वयंपाकघराच्या दारात भाची येऊन उभी राहिली होती. तिला भाऊंच्या हातातलं पुस्तक दिसत होतं आणि त्यांचे डोळेही. ते पुस्तकावर नव्हतेच, अक्काच्या तोंडावर होते. ती दाराला टेकून ऐकत राहिली.

"'मफलरवाल्याला त्या दिवशी पहिल्यांदा एक गोष्ट कळली,'" भाऊ म्हणाले. "'इतकी वर्षं लोक ज्या प्रकरणांसाठी त्याला नावाजत होते, ती सगळी थोरलीने सोडवलेली होती. खुर्चीत बसून. तिने कुणाला सांगितलं नाही, आणि त्याने कधी विचारलं नाही. ते कळायला त्याला साठ वर्षं लागली.'"

अक्का सरळ बसली होती.

"असं लिहिलंय?"

"हो."

"त्या मुलीने?"

"पान अठ्ठेचाळीस," भाऊ म्हणाले.

अक्काने मान हलवली. दुमडलेली शालीची कड तिने मांडीवर सपाट केली, त्यावरून तळहात फिरवला आणि भाऊंच्या दिशेने थोडी पुढे झुकली. कित्येक महिन्यांनी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात स्टुलावरच्या त्या सोळा वर्षांच्या मुलीचं काहीतरी हललं.

"मग अजून सत्तेचाळिसावरच काय बसलायस? पान उलट, बारक्या," ती हळूच म्हणाली. "मधून मधून उलटत राहावं. ऐकणाऱ्याला लगेच कळतं."